हमखास रानपिंगळा? नाशिकच्या पक्षी-छायाचित्रकारांना खुले पत्र

नाशिकमधले पक्षी-छायाचित्रकार, फोटो-सहलींचे संयोजक आणि प्रदर्शनांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात रानपिंगळा या दुर्मीळ छोट्या घुबडाच्या सहलीचं एक पोस्टर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. 'रानपिंगळा स्पेशल! सातपुड्यात दोन दिवस. हमखास दर्शन, घरट्यासह. फक्त बारा जागा.' खाली फेब्रुवारीतल्या तारखा, आणि परतीच्या वाटेवरचा मिसळीचा थांबासुद्धा. नाशिककर तो कसा चुकवतील! पोस्टरवर शहरातल्या एका जुन्या मंडळाचं चिन्ह होतं. त्याआधी काही दिवस याच मंडळाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, तेही रानपिंगळ्याच्याच फोटोला. ढोलीच्या तोंडाशी बसलेला पक्षी, चोचीत सापसुरळी, मागे मऊ तपकिरी पडदा, आड येणारी एकही काटकी नाही. सागाच्या रानात ढोलीसमोर अशी मोकळी जागा आपोआप होत नाही, हे त्या सभागृहातल्या निम्म्याअधिक लोकांना कळत होतं. सगळी कॅमेरे बाळगणारीच माणसं होती. तरी टाळ्या पडल्या, चहा झाला आणि मंडळी घरी गेली.

मंडळाचं नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एका मंडळाचा नाही. अशी पोस्टरं पुण्या-मुंबईहूनही निघतात. पण मी नाशिकची, आणि तुमच्यातले कितीतरी जण माझे विद्यार्थी. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना तुम्हाला घेऊन मी बोरगडला जायचे. 2008 मध्ये बोरगड राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, तेव्हा आपल्याला किती अभिमान वाटला होता ते तुम्हाला आठवत असेल. नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर एका दुर्बिणीसाठी तुमची भांडणं मीच सोडवली आहेत. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या कुणाचं नाही. तुम्हाला पक्ष्यांची गोडी लावण्यात माझाही थोडा हात आहे, म्हणून बोलायचा हक्क सांगते आहे.

आधी या पक्ष्याविषयी. ते तुम्हाला माहीत आहेच, पण पोस्टर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल असं नाही.

आपल्या घरामागच्या चिंचेवर, शाळेच्या कौलांत बसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर दाट पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखी-तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरं, पाय पिसांनी भरलेले, नख्या अंगाच्या मानाने दांडग्या. तो दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. ब्रिटिश काळातले पक्षीअभ्यासक ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नमुना आजच्या छत्तीसगडातल्या बसना भागातला होता आणि तो मिळवणाऱ्या ब्लेविट यांचं नाव पक्ष्याला दिलं गेलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या शेजारच्या खानदेशात, शहाद्याच्या आसपास, आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र पक्षी नाहीसाच झाला. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांच्या शोधालाही यश आलं नाही. बरेच जण तो नामशेष झाला असं धरून चालले होते.

मधल्या काळात नमुन्याची एकच नोंद होती, 1914 ची, गुजरातेतल्या मांडवीची. ती होती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या लष्करी अधिकाऱ्याची, आणि ती खोटी निघाली. त्याने ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच एक नमुना चोरला होता, तो उसवून पुन्हा भरला आणि आपण मिळवला म्हणून त्यावर नवी चिठ्ठी लावली. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली. ती खोटी नोंद बाजूला सारून त्यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी.

तेव्हापासून तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातला खंडवा-बऱ्हाणपूरचा पट्टा, आपल्या सुरगाण्याला लागून असलेल्या डांगाचा भाग, आणि 2014 मध्ये थेट कसारा घाटाखालचं तानसा अभयारण्य, इतक्या ठिकाणी तो सापडला आहे. (ही नावं सगळीकडे छापून आली आहेत, म्हणून घेते. याहून बारीक पत्ता या पत्रात मिळणार नाही.) 2018 मध्ये जागतिक लाल यादीत त्याची श्रेणी अतिसंकटग्रस्त वरून संकटग्रस्त झाली, म्हणजे एक पायरी बरी. तरी जगभरात, म्हणजे फक्त आपल्या मध्य भारतातच, प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, 250 ते 999 असा अंदाज आहे. आपल्या एका मोठ्या शाळेचा पट याहून मोठा असतो.

अशा पक्ष्याचं 'हमखास दर्शन' तुम्ही विकायला काढलं आहे. माझा मूळ आक्षेप या हमीलाच आहे. रानातल्या पक्ष्याची हमी देण्याचे तीनच मार्ग आहेत: आवाज वाजवून त्याला बोलावणं, खाणं टाकून त्याला आणणं, किंवा जिथून तो हलूच शकत नाही त्या घरट्याशी जाऊन उभं राहणं. चौथा मार्ग असेल तर मला सांगा. बाकीच्या तक्रारी यातूनच येतात.

पहिली, कॉल लावण्याची. मोबाईलवर त्याच्याच जातीचा आवाज, खिशात ब्लूटूथ स्पीकर, स्पीकर झुडपात ठेवायचा आणि वाट बघायची. रानपिंगळा आपल्या हद्दीबाबत फार जागरूक असतो, म्हणून तो येतो. तो आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून भांडायला आलेला असतो, तुम्ही म्हणता 'काय पोज दिली!' मध्यरात्री दाराची कडी वाजावी, उठून बघावं तर कुणी नाही, आणि असं रोज घडावं, तसं त्याचं होतं. विणीच्या काळात मादी ढोलीत अंड्यांवर बसलेली असते आणि तिचं पोट नराच्या शिकारीवर चालतं. तुमच्या स्पीकरशी भांडण्यात गेलेला वेळ त्या शिकारीतून वजा होतो. शिवाय घुबडाचा आवाज ऐकला की कोतवाल, बुलबुल अशी सगळी फौज गोळा होऊन त्याला पिटाळायला लागते, हे तर तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. लहान पक्षी बाहेर काढायला तुम्ही तीच युक्ती वापरता.

तुमच्यातला एक जण मला म्हणाला, "मॅडम, संशोधकही कॉल लावतात." लावतात. परवानगी घेऊन, मोजदादीसाठी, एका ठिकाणी थोडा वेळ लावून, नोंद करून पुढे जातात. तुमची बॅच बदलते, पण पक्षी तोच राहतो. दर शनिवार-रविवारी नवी गाडी, नवे बारा जण, आणि पुन्हा तीच जोडी, तीच ढोली. मोजदाद आणि छळ यांतला फरक आवाजाच्या पट्टीत नाही, तो पुन्हा पुन्हा लावण्यात आहे.

दुसरी तक्रार घरट्याची. या पक्ष्याची वीण साधारण ऑक्टोबर ते मे या काळात चालते, अंडी बहुतेक दोनच. तुमची सहल नेमकी त्यातल्या फेब्रुवारीत. ढोलीसमोरच्या फांद्या छाटल्या की फोटो स्वच्छ येतो, हे खरं; पण शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्यालाही तीच ढोली मग स्वच्छ दिसते. तो आडोसा पक्ष्याने उगाच निवडलेला नसतो. यावर मी जास्त लिहीत नाही. शिकलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणं मला अवघड वाटतं.

तिसरी, आमिषाची. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पांढरे उंदीर घेऊन रानात जाणारे लोक आहेत. नाशिकमधले किती, ते तुमचं तुम्हाला माहीत. दुकानातला उंदीर रानात काय रोग घेऊन जातो याचा विचार कुणी केलेला नसतो. आणि कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 वाचा. शिकार म्हणजे काय हे कलम 2 मधल्या पोटकलम 16 मध्ये सांगितलं आहे. तिथे मारणं आणि पकडणं तर आहेच, शिवाय आमिष दाखवणंही आहे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटं विचलित करणंही आहे. रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. 'घरट्यासह' असं छापून पैसे घेताना आपण नेमकं काय छापतो आहोत, हे एखाद्या वकील मित्राला विचारून घ्या.

या तक्रारीला जोडून आणखी एक. उंदीर टाकून काढलेल्या फोटोखाली 'रानपिंगळा शिकार करताना' असं लिहिलं जातं. तो फोटो पुढे संकेतस्थळांवर जातो, कुणाच्या प्रकल्पात जातो, आणि पक्षी काय खातो, कुठे खातो याची नोंद बिघडते. माइनर्ट्झहागेनने एक चिठ्ठी खोटी लिहिली आणि पुढच्या पिढ्या चुकीच्या जागी शोधत बसल्या. त्यालाही नावच हवं होतं. तुमच्या हातून त्याची आठवण व्हावी असं मला वाटत नाही.

चौथी तक्रार वाटाड्यांची. ही मला सगळ्यात जास्त लागते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तोरणमाळकडच्या एका पावरा आदिवासी मुलाशी माझी ओळख आहे. बारावीपर्यंत शिकलेला, नजर अशी की मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तो पक्ष्याचं नाव सांगून मोकळा झालेला असतो. सुरुवातीला मी त्याच्याबरोबर फिरले तेव्हा तो पाय न वाजवता चालायचा आणि मला दोन वेळा हातानेच 'बोलू नका' म्हणून खुणावलं होतं. एका थंड सकाळी त्याने मला रस्त्यावरूनच, चांगल्या लांबून, एका वाळक्या शेंड्यावर बसलेला रानपिंगळा दाखवला. आम्ही हललो नाही, तोही हलला नाही. थोड्या वेळाने त्याने खाली झेप घेतली आणि गवतात दिसेनासा झाला. बाकी दिवसभर पुन्हा दिसला नाही, आणि त्याबद्दल त्या मुलाला काही वाईट वाटलं नाही, मलाही नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच्याच खिशात मी स्पीकर पाहिला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ताई, पार्टी म्हणते फोटो मिळाला तर वर पाचशे, नाही मिळाला तर नुसते ठरलेले. मी नाही वाजवला तर पुढच्या गाडीला दुसरा मुलगा मिळतो. अन् स्पीकर पण पार्टीनेच दिला." आता सांगा, यात मी त्या मुलाला काय बोलायचं? त्याच्या घरी शेती पावसाच्या भरवशावर, पावसाळा सरला की माणसं ऊसतोडीला किंवा सुरतेकडे जातात. गावात राहून मिळणारं हे एकच काम, आणि ते चांगलं काम आहे. बक्षिसाची रक्कम फोटोला बांधून ते वाईट केलं तुम्ही. उद्या ती ढोली ओस पडली तर बोट त्याच्याकडे दाखवलं जाईल, आणि वनरक्षकाची पहिली चौकशीही त्याच्याच घरी होईल, नाशिकच्या गंगापूर रोडवर तुमच्याकडे नाही.

पाचवी, पत्त्याची. फोटोबरोबर नकाशावरची पिन, गाडी कुठे लावायची, कितव्या वळणानंतर चालायचं, सगळं ग्रुपवर पडतं. ग्रुपात दोनशे-अडीचशे माणसं, त्यातली निम्मी अनोळखी. आपल्या देशात जादूटोण्यासाठी घुबडांचा व्यापार चालतो आणि दिवाळीच्या सुमारास तो वाढतो, हे मी सांगायला नको. ई-बर्डसारखा पक्षीनोंदींचा जगभरचा उपक्रमसुद्धा काही संवेदनशील पक्ष्यांच्या जागा लपवतो. आपणच एवढे उदार का?

आता तुमची बाजू. जंगलं कोण तोडतं ते बघा, सागाची चोरी बघा, अतिक्रमणं बघा, वणवे बघा, आमच्या चार फोटोंनी काय होतंय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. रानपिंगळ्याचं सगळ्यात मोठं नुकसान जंगल जाण्यानेच होतं, आणि त्यावर बोलायचं तर वेगळं पत्र लागेल, वेगळ्या कार्यालयाला. पण मोठं नुकसान कुणी करतो म्हणून आपलं छोटं नुकसान माफ होत नाही. उलट, उरलेल्या तुकड्यांत उरलेल्या जोड्या आहेत म्हणून तर तुमच्या बारा जणांचं वजन जास्त पडतं.

फोटोंमुळे लोकांना पक्षी कळतो, हेही मान्य. 1997 मध्ये त्या तिघांनी पक्ष्याचं चित्रीकरण केलं नसतं तर जगाने विश्वास ठेवला नसता. तुमच्यातल्या काहींच्या फोटोंनी अंजनेरीची गिधाडं शहराला माहीत करून दिली. मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. रानपिंगळा पाहायला जाऊच नका, असंही माझं म्हणणं नाही. जा, वाटेने चाला, शेंडे बघा, दिसला तर लांबून काढा, नाही दिसला तर तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी बसून या. फक्त पैसे घेताना 'दिसेलच' म्हणू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फेब्रुवारीची ती सहल आहे त्या स्वरूपात रद्द करा, आणि यापुढे रानपिंगळ्याच्या घरट्यापर्यंत नेणारी कोणतीही सहल काढू नका. कुठल्याही पोस्टरवर दर्शनाची हमी नको.

सहलीत कॉल लावायचा नाही आणि आमिष न्यायचं नाही, हे पैसे भरतानाच प्रत्येकाकडून लिहून घ्या. मोडला नियम तर परत पाठवा, मग तो तुमचा कितीही जुना सभासद असो.

प्रदर्शनाच्या नियमांत घरट्यावरचे आणि आमिषाचे फोटो अपात्र असं स्पष्ट लिहा. देशातल्या अनेक स्पर्धांनी हे आधीच केलं आहे, नाशिकने मागे राहण्याचं कारण नाही. प्रत्येक प्रवेशिकेबरोबर फोटो कसा काढला याचं दोन ओळींचं निवेदन घ्या आणि परीक्षकांनी शंका आली तर विचारावं. यंदाच्या पहिल्या बक्षिसाबाबतही ते विचारावं. बक्षीस काढून घ्याच असा माझा हट्ट नाही. पण उत्तर सगळ्यांसमोर यायला हवं. मुलं ते प्रदर्शन बघायला येतात, आणि असंच काढायचं असतं असं समजून घरी जातात.

जागा सांगताना जिल्ह्याच्या किंवा फार तर अभयारण्याच्या नावावर थांबा. फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची माहिती काढून टाका. नेमकी नोंद वनविभागाला आणि अभ्यासकांना द्या. तिथे ती कामाची आहे.

वाटाड्याचा दिवसाचा दर ठरवा आणि पक्षी दिसो न दिसो तोच द्या. फोटोपाठी बक्षीस बंद. त्याने 'इथून पुढे नको' म्हटलं की थांबायचं, आणि त्यासाठी त्याचं पुढचं काम जाणार नाही ही हमी द्या. हमी द्यायचीच हौस असेल तर ही द्या.

यातली एखादी गोष्ट जमण्यासारखी नाही असं वाटत असेल, तर कोणती आणि का, ते लिहून कळवा. तुमचं म्हणणं मी काटछाट न करता इथेच छापेन. मंडळाच्या पुढच्या बैठकीला बोलावलंत तर येईन, वादही घालेन. ज्यांनी पैसे भरले असतील त्यांना ते वेळेत परत मिळायला हवेत, म्हणून उत्तर या महिन्याअखेर मिळावं ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नाशिक